सोयीचं जू

पणजीच्या उजव्या हातावर, मनगटापासून चार बोटं वर, तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. हिरवट, कडा फिसकटलेलं, म्हातारपणी कातडी लोंबल्यावर एका अंगाला कललेलं. रविवारी उपासनेत गीतांचं पुस्तक ती त्याच हातात धरायची. गीतं सगळी पाठ, त्यामुळे पुस्तकाकडे बघायची नाही. मी शेजारी बसून वृंदावनाच्या पायऱ्या मोजायचे. तीन होत्या.

नगरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत तेव्हा अधूनमधून परदेशी पाहुणे येत. उपासना संपली की पाळकसाहेब पणजीला पुढे बोलवायचे. छप्पन्नच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, मिशनच्या आश्रमात आलेल्या मुलींपैकी आमच्याकडे तीच एक उरली होती. पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला असायचा. आजी, तुम्ही प्रभूकडे कशा आलात? पणजीचं उत्तरही ठरलेलं.

"मी कुठं आले? मला आणलं. गाडीत घालून. राहिले ती मी."

पाळकसाहेब इंग्रजीत सांगायचे की आजी म्हणताहेत, मला प्रभूनं आणलं. पाहुणे माना डोलवायचे. एखादी बाई डोळे टिपायची. पणजी आपली पदर सावरून जागेवर येऊन बसायची.

ती गेली तेव्हा मी चौथीत होते. व्याकरणातले प्रयोग शिकले ते त्यानंतर, आणि शिकता शिकता ध्यानात आलं की पाळकसाहेबांनी केवढी उडी मारली होती. 'मला आणलं' हा भावे प्रयोग, आणि त्यातला कर्ता गाळलेला. कोणी आणलं? भुकेनं? मिशनच्या गाडीवाल्यानं? की तिला रस्त्याच्या कडेला ठेवून निघून गेलेल्या माणसांनी? पणजीनं ती जागा मोकळी सोडली होती, पाळकसाहेबांनी तिथे देवाला बसवलं. पुढे मी धर्मशास्त्राची थोडीफार पुस्तकं चाळली तेव्हा कळलं, की या एका गाळलेल्या कर्त्यावरून ख्रिस्ती जगात दीड हजार वर्षं मारामारी चालू आहे.

मराठीत तर हा प्रश्न घरोघरी पडून असतो, फक्त कोणी उचलत नाही. मला वाटलं, मला सुचलं, मला राग आला, मला तो आवडला. यातलं काहीच 'मी' करत नाही. सगळं माझ्याकडे येतं, मला लागतं, मला होतं. मग मी नक्की करते काय?

मी तिसरीत असताना बहात्तरचा दुष्काळ होता. शाळेत सगळ्यांनाच सुकडी मिळायची. त्या रांगेत कशावरून तरी भांडण झालं आणि पुढची मुलगी मला म्हणाली, "तुम्ही तर भाकरीसाठी बाटलेले." तिच्याही हातात सुकडीसाठी आणलेली वाटी होती, हा विनोद तेव्हा मला कळला नाही. मी रडत घरी आले आणि पणजीला सांगितलं. तिनं तांदूळ निवडता निवडता मान वर केली. "खरंय की. भूक लागली होती." आणि पुन्हा खडे काढायला लागली.

मला त्या उत्तराचा फार राग आला. तिनं म्हणायला हवं होतं की नाही गं, आम्ही विचार करून, पटलं म्हणून ख्रिस्ती झालो. आमच्या समाजातल्या पुष्कळांना आपल्या पूर्वजांनी असंच म्हणायला हवं होतं असं वाटतं. टिळकांचं उदाहरण आम्ही लगेच देतो, म्हणजे आमचे टिळक, रेव्हरंड नारायण वामन. १८९५ मध्ये त्यांनी पूर्ण विचारांती बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. स्वतःला पटायला त्यांनी पुढची चारपाच वर्षं घेतली. हे खरंच आहे आणि अभिमानाचंही आहे. पण टिळक दाम्पत्य एक, आणि दुष्काळातली पोरं हजारो.

भुकेनं घेतलेला निर्णय आपला असतो का? ऑगस्टीनला हा प्रश्न उलट्या बाजूनं छळत होता. इसवी सन ३५४ मध्ये आजच्या अल्जीरियात जन्मलेला हा माणूस, सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर त्यानं शेजारच्या झाडाचे नासपती चोरले. भूक नव्हती. घरी त्याहून चांगली फळं होती. चोरलेली बरीचशी त्यांनी डुकरांपुढे टाकली. पुढे बिशप झाल्यावर आत्मकथनात त्यानं या चिमूटभर चोरीवर पानंच्या पानं लिहिली. का केलं मी हे? भूक हे निदान कारण तरी आहे, इथे तर वाईट करायचं म्हणून वाईट केलं. आधी इच्छा वाकडी होते, तिची सवय होते, सवयीची बेडी होते, आणि ती बेडी आपण एकेक कडी जोडत स्वतःच घडवलेली असते, असं त्याचं निदान. ३८६ साली मिलानच्या एका बागेत तो या बेडीपायी रडत बसला होता. शेजारून कुणा मुलाचा की मुलीचा आवाज आला, उचल, वाच, उचल, वाच. त्यानं बायबलातली पौलाची पत्रं उचलली, डोळे पडले तिथलं वाचलं, आणि बेडी गळून पडली. आयुष्यभर तो सांगत राहिला की ती मी तोडली नाही, तोडली गेली. म्हणजे इथेही कर्ता गाळलेलाच.

ब्रिटनहून रोमला आलेल्या पेलाजियस नावाच्या तपस्व्याला हे सहन झालं नाही. देवा, तू सांगतोस ते करायची ताकद तूच दे, आणि मग हवं ते सांग, अशी ऑगस्टीनची एक प्रार्थना होती. ती ऐकून पेलाजियस भडकला म्हणतात. असं म्हटलं की माणूस हातपाय हलवणारच नाही! देवानं आज्ञा दिली म्हणजे ती पाळायची कुवतही दिली असणार. नाहीतर तो कसला न्यायी देव? ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेनं पेलाजियसचं मत पाखंड ठरवलं. (रविवारच्या शाळेत आमच्यावर जे संस्कार झाले, प्रयत्न कर, चांगली मुलगी हो, देव बघतोय, ते सगळे शुद्ध पेलाजियसचे होते. आमच्या बाईंना हे सांगितलं असतं तर त्यांनी छडीच काढली असती.)

ऑगस्टीन मला माणूस म्हणून फार जवळचा वाटतो. पण त्याची एक गोष्ट मला पचत नाही. उत्तर आफ्रिकेतल्या फुटीर ख्रिस्ती लोकांवर सरकारी बळ वापरावं की नाही, यावर तो आधी नको म्हणत होता. मग गावंच्या गावं दडपणाखाली परत आलेली पाहून त्याचं मत बदललं. येशूनं सांगितलेल्या मेजवानीच्या दाखल्यातला यजमान नोकराला म्हणतो की लोकांना आत यायला भाग पाड. त्या शब्दांचा त्यानं आधार घेतला. इच्छेला बेडी असते हे ज्याला इतकं खोलवर कळलं, त्यालाच बाहेरून दुसरी बेडी घातलेली चालली.

पुढे १५२४ मध्ये इरॅस्मस या विद्वानानं माणसाच्या इच्छास्वातंत्र्याच्या बाजूनं पुस्तक लिहिलं आणि १५२५ च्या अखेरीला धर्मसुधारक लूथरनं त्याच्यावर त्याहून जाड उत्तर हाणलं. त्या वादातली मला आठवतात ती फक्त दोन चित्रं. लूथर म्हणतो, माणसाची इच्छा म्हणजे ओझ्याचं जनावर. देव पाठीवर बसला तर देव नेईल तिकडे जाईल, सैतान बसला तर सैतान नेईल तिकडे. स्वार निवडणं जनावराच्या हातात नाही. इरॅस्मसचं चित्र घरातलं आहे. एक बाप नुकत्या चालायला लागलेल्या पोराला लांबून सफरचंद दाखवतो. पोर धावू बघतं, पडतं. बाप उचलतो, हात धरून चालवतो आणि सफरचंद त्याच्या हातात देतो. पोर एकटं पोचलं नसतं, सगळं बापानंच केलं. पण पोरानं पाऊल टाकलं होतं, हेही खोटं नाही.

मी पंधराव्या वर्षी दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीची पूर्ण सभासद होण्याआधीच्या, वर्गात होते तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. फक्त रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात देवानं काहींना आधीच नेमून ठेवल्याचं वाचलं आणि हात वर केला. सगळं आधीच नेमलंय तर मी अभ्यास का करायचा? पाळकसाहेबांनी विचारलं, "गणिताचा पेपर कधी आहे?" सोमवारी. "मग आधी तो देऊन ये. पूर्वनियोजनाचं मंगळवारी बघू." मंगळवारी त्यांनी दुसराच धडा काढला. मोठेपणी वाचलं की रोमनं यापेक्षा वेगळं काही केलेलं नाही. कृपा आणि इच्छा यांचा मेळ कसा लागतो यावर जेझुइट आणि डॉमिनिकन हे दोन कॅथलिक संघ १५९७ पासून पोपच्या दरबारात भांडत होते. डॉमिनिकन जेझुइटांना पेलाजियसचे चेले म्हणत, जेझुइट डॉमिनिकनांना पूर्वनियोजनवाल्या कॅल्व्हिनचे. १६०७ मध्ये पाचव्या पॉलनं दोघांना घरी पाठवलं. एकमेकांना पाखंडी म्हणायचं नाही, निर्णय यथावकाश देऊ. तो मंगळवार अजून उजाडलेला नाही.

या सगळ्या पुरुषांच्या भांडणात मला माझी पणजी कुठे दिसत नव्हती. ती पुसटशी दिसली पंडिता रमाबाईंच्या पत्रांत. इंग्लंडमध्ये रमाबाई ज्या मठात राहिल्या तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांनी ती जपून ठेवली आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं छापली.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या आपण ख्रिस्ती होणार नाही असं सांगून. वय पंचवीस. आईवडील दुष्काळात गेलेले, मग भाऊ गेला, मग नवरा. पदरी दोन वर्षांची मनोरमा. बरोबर मैत्रीण आनंदीबाई भगत. उतरल्या वाँटेजच्या सिस्टरांच्या मठात. तिथे आनंदीबाईंनी विष घेतलं. आपल्याला जबरदस्तीनं बाटवतील या भीतीनं घेतलं, असं तेव्हा सांगितलं गेलं. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबरला, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. मी या दोन गोष्टींच्या मध्ये नेहमी अडखळते. एकाच छपराखाली एकीला जे दार बंद होताना दिसलं, तेच दुसरीला उघडताना दिसलं. कुणीही कुणाला ढकललं नसेल. पण आनंदीबाईंची भीती खोटी म्हणून सोडून द्यायला माझं मन होत नाही.

मठानं मानलं असेल की बाई आता आपल्या झाल्या. तसं काही झालं नाही. सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई लाडानं 'आजीबाई' म्हणत, आणि त्याच पत्रांत त्या आजीबाईंशी वर्षानुवर्षं भांडत. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला? मला लॅटिन येत नाही, माझ्या देशातल्या बायकांना येत नाही. लॅटिन काय संस्कृतपेक्षा पवित्र आहे? इंग्लंडमधल्या चेल्टनमच्या कॉलेजात रमाबाईंनी तरुण पुरुषांना संस्कृत शिकवण्याचं निघालं तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी मोडता घातला. हिंदू समाज काय म्हणेल, ही त्यांची काळजी. रमाबाईंचं उत्तर असं, की माझ्या आईनं आणि मी मुलग्यांना शिकवलं त्याला माझ्या वडिलांची हरकत नव्हती, माझ्या नवऱ्याची नव्हती. हरकत आली ती इंग्रजांची!

आणि मग ते पुडिंग. रमाबाई शाकाहारी राहिल्या, अंड्याचं पुडिंगसुद्धा खात नसत. मठाला त्यात जातीचा अभिमान दिसला. ख्रिस्ती झाली तरी ब्राह्मणपण सुटत नाही. रमाबाईंनी लिहिलं, शोधा की माझा गर्व. पायमध्ये शोधा, पुडिंगमध्ये शोधा, दूधलोण्यात, पाण्याभातात, बूटमोज्यांत शोधा. मी रोज शेगडीत जो ढीगभर कोळसा जाळते त्यातही सापडेल तुम्हाला. ते वाचताना मी मोठ्यानं हसले आणि लगेच मला पणजीचं तुळशीवृंदावन आठवलं. तेही तिला कोणी खरवडून काढायला सांगितलं असतं, तर तिनं काय उत्तर दिलं असतं ते मला ठाऊक आहे. इथे लिहिण्यासारखं नाही.

खरा भडका उडाला तो १२ मे १८८५ च्या पत्रात. मुद्दा असा, की मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण पाद्री आणि बिशप यांच्या तोंडून पडणारा शब्दन्‌शब्द मानायला बांधलेली नाही. भारतातल्या भटभिक्षुकांचं जू मी नुकतंच, मोठ्या कष्टानं, मानेवरून काढलंय. तसलंच दुसरं आता घालून घ्यायची माझी तयारी नाही.

जू हा शब्द रमाबाईंनी नकळत वापरला असेल असं मला वाटत नाही. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाची पहिली ओळ त्यांच्या कानात वाजत असणार. ख्रिस्तानं आपल्याला मोकळं केलं ते मोकळं राहण्यासाठी, पुन्हा दास्याच्या जुवाखाली जाऊ नका, असं पौल तिथे बजावतो. सिस्टर जेराल्डिन यांच्याकडेही शास्त्र होतंच. येशू म्हणतो, माझं जू आपल्यावर घ्या, ते सोयीचं आहे. आज्ञापालन हेच खरं स्वातंत्र्य, हा त्यांचा सूर, आणि तो दांभिक नव्हता. त्या बाईनं स्वतःचं सगळं आयुष्य त्या जुवाखाली घातलं होतं. पण माझे आजोबा शेतकरी होते. ते म्हणायचे, सोयीचं जू म्हणजे त्या बैलाच्या मानेला बसेल असं. दुसऱ्या बैलाचं चढवलं की खांदा सुजतो, आणि मग लोक म्हणतात बैल अडेल आहे.

इथवर रमाबाई माझ्या बाजूच्या आहेत. पण १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदासदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं, आणि १८९३ मध्ये तेच नाटक पुन्हा झालं, फक्त पात्रं बदलून. सदनातल्या बालविधवा रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात अशी ओरड झाली. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी कुणाला बोलावत नाही. प्रार्थना करते तेव्हा माझ्या खोलीचं दार उघडं असतं, एवढंच. कोणी आपण होऊन आलं तर मी हाकलणार नाही.

ते उघडं दार मी कितीदा डोळ्यांपुढे आणलंय. आत एक बाई गुडघ्यांवर बसलेली. तिनं तुम्हाला न्हावी आणि अंधारी खोली यांपासून सोडवलंय, पोटभर जेवू घातलंय, लिहायला शिकवलंय. तिच्यावर तुमचा जीव आहे. दार उघडं आहे. अशा दारातून आत जाणं म्हणजे मोकळेपणानं जाणं का? केसरीनं विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता, विचारण्याची तऱ्हा विखारी होती. मात्र तोच प्रश्न त्या मुलींना केशवपनाला बसवणाऱ्या घरांना कोणी विचारत नव्हतं. तिथे तर दारच नव्हतं.

शिवाय रमाबाईंची स्वतःची इच्छा तरी कुठून आली होती? विरोध पत्करून बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवणारा बाप मिळाला, तो त्यांनी निवडला नव्हता. दुष्काळानं घर बुडवलं, तो निवडला नव्हता. तरी १८८५ चं ते पत्र दुसऱ्या कुणाचं नाही, त्यांचंच आहे. मला वाटतं आपण चुकीच्या टोकाला उभं राहून शोधतो. निर्णयाच्या आधी, मागे मागे जात कारणं खणत गेलं की शेवटी कोणीतरी आणलेलंच सापडतं, ऑगस्टीनलाही, पणजीलाही. 'राहिले ती मी' हे मात्र आणल्यानंतरचं आहे. आणि ते कर्तरी आहे.

रमाबाई पुढे पालटल्या, हेही सांगितलं पाहिजे. १८९१ च्या सुमाराला त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, ख्रिस्त अजून मिळालेला नाही. मग त्यांनी जे केलं त्याला त्या विनाअट शरणागती म्हणत. कुणा बिशपापुढे मान न वाकवणारी बाई! सिस्टर जेराल्डिन यांना यात आपला विजय दिसला असेल का? दिसू नये. रमाबाई वाकल्या त्या मधल्या कुणालाही वगळून.

पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली गोळा करून पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणल्या त्याही रमाबाईंनीच, आणि शतक बदलताना तिथे दीड-दोन हजार बायकामुली होत्या. जागेचं नाव मुक्ती. दिवस घंटेवर चालायचा. त्या मुलींना कोणी विचारलं होतं, तुम्हाला काय पटतं? माझी पणजी तिथली नव्हे, पण तिला दुसऱ्या एका आवारात असंच कोणी विचारलं नव्हतं. एका बाईनं स्वतःच्या विवेकासाठी बिशपांशी झुंज घेतली आणि मग हजारो मुलींच्या वतीनं स्वतः ठरवलं, हे मला खुपतं. आणलं नसतं तर त्या मेल्या असत्या, तशी पणजीही मेली असती आणि मी हे लिहायला नसते, हे कळूनही खुपतं.

उतारवयात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल त्यांनी मराठीत उतरवलं, साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून. छापलं केडगावातच. छापखान्यात बायका, खिळे जुळवणाऱ्याही त्याच, दुष्काळात आणलेल्या मुलींपैकीच कित्येक. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, आरशातल्यासारखं. जुळारी ओळ वाचत नाही, एकेक खिळा उचलून पट्टीत बसवत जाते. काना, मात्रा, वेलांटी. त्यांच्यातल्या कुणा एकीच्या वाट्याला गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय आला असणार. पहिली ओळ. तिनं खिळ्यांच्या पेटीतून 'जू'चा ज उचलला असेल, दीर्घ ऊकार शोधला असेल, बोटांना शाई लागलेली असेल, आणि दुपारच्या घंटेला अजून वेळ असेल.